एक चमचा कमी

वस्तीत तिला सगळे जमवाबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’. नेमणुकीच्या कागदावर तिचा हुद्दा ‘समूह संयोजिका’ असा होता, पण एवढं म्हणून होईपर्यंत बाई कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झालेली असे, त्यामुळे तो हुद्दा कागदावरच राहिला. जमवाबाई हे नाव कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्यानं ठेवलं होतं. आपण ठेवलेलं नाव चाललं याचा त्याला दुरुस्त केलेल्या घड्याळांपेक्षा जास्त अभिमान होता, आणि त्याच्या हातची घड्याळं कशी चालत हे ज्यांना ठाऊक होतं त्यांना यात काही गैर वाटत नसे.

बाईचं काम असं, की एकाच जिन्यातून वर्षानुवर्षं चढणाऱ्या-उतरणाऱ्या आणि एकमेकांना फक्त दाराबाहेरच्या चपलांवरून ओळखणाऱ्या माणसांना एका खोलीत आणून बसवायचं, आणि ती आपणहून एकमेकांशी बोलतील अशी काहीतरी व्यवस्था करायची. ती खोली म्हणजे इमारतींच्या दोन रांगांच्या मधलं, तळमजल्यावरचं केंद्र. पूर्वी तिथं बँक होती. बँक गेली, तिजोरीची खोली मात्र राहिली, कारण ती उचलून न्यायची युक्ती कुणाला सुचली नाही. बाई तिथं खुर्च्या ठेवायची. वीतभर जाडीच्या पोलादी दारामागे इतक्या बंदोबस्तात राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दुसरीकडे कुठं नसतील.

भाषणांवर तिचा विश्वास नव्हता. ‘एकमेकांना जाणून घ्या’ असं सांगितलं की माणसं ताबडतोब आपापला मोबाइल जाणून घ्यायला लागतात, हे तिनं सुरुवातीलाच पाहून ठेवलं होतं. तिची रीत निराळी होती. प्रत्येक कार्यक्रमात ती काहीतरी कमी ठेवायची. विसरून नव्हे, ठरवून. चहा असला तर एका टेबलावर साखर, दुसऱ्यावर दूध, आणि चमचे तिसऱ्यावर. दुरुस्तीची दुपार असली तर खिळे या कोपऱ्यात आणि हातोड्या त्या कोपऱ्यात. गोष्टीच्या संध्याकाळी तर तिनं कहर केला होता. एका आजोबांना अर्धी गोष्ट सांगायला लावली, आणि उरलेली गोष्ट हॉलमधल्या आणखी एकाला माहीत आहे एवढंच जाहीर केलं. तो कोण ते सांगितलं नाही. सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. उरलेली गोष्ट फार काही चांगली निघाली नाही, पण त्याचं कुणाला वाईट वाटलं नाही.

सगळं पुढ्यात असलं की माणूस मान खाली घालून पितो, आणि काहीतरी नसलं की मान वर करतो. तिचं सगळं शास्त्र एवढंच होतं. मान वर करायच्या आधी मात्र थोडा वेळ जातो. मागावं की न मागावं, मागितलं तर काय म्हणतील, बिनसाखरेचाच घोट घेऊन मोकळं व्हावं का, अशी घालमेल खोलीभर चालते. ती शांतता बाईला फार आवडायची. दूध वर यायच्या आधी भांड्यात जी असते तशी. अशा वेळी ती भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी राहायची आणि कुणालाही मदत करायची नाही.

तिचा नवरा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला होता आणि त्यामुळे कुठल्याही गोष्टीची घाई नसलेला. त्याची एकच मागणी होती. “आपल्या घरात ज्या वस्तू नाहीत, त्या मुद्दाम नाहीत की चुकून नाहीत, हे मला एकदा सांगून ठेव,” तो म्हणायचा. “म्हणजे बाजारात जायचं की शेजारी, ते कळेल.”

वरच्या कार्यालयातल्या साहेबांना हे शास्त्र कधी उमगलं नाही. ते अधूनमधून पाहणीला येत, मागच्या रांगेत बसत, आणि त्यांच्या अहवालात दर खेपेला ‘चमच्यांचे नियोजन अपुरे’ असा शेरा असे. एकदा त्यांनी स्वतः लक्ष घालून चमच्यांची एक नवीकोरी पेटी पाठवून दिली. बाईनं पोच दिली, आभार मानले आणि ती पेटी तिजोरीत ठेवली. ती अजून तिथंच आहे, अत्यंत सुरक्षित.

मग दुसऱ्या जिन्यातले नकाशेवाले काका न्हाणीघरात पाय घसरून पडले. आयुष्यभर इतरांना रस्ते आखून दिलेला माणूस, पण न्हाणीघरापासून दारापर्यंतची वाट काही त्यांना काटता आली नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत ते तिथंच पडून होते. दाराशी वर्तमानपत्र पडलेलं सगळ्यांनी पाहिलं आणि काका गावाला गेले असतील असं सगळ्यांनी मनाशी ठरवलं. काका वाचले. पण शेजारीण बाईला म्हणाली, की मला खोकल्यासारखं ऐकू आलं होतं, पण त्यांची-माझी ओळख नव्हती ना.

या ‘ओळख नव्हती ना’वर बाई कितीतरी दिवस धुमसत होती. त्यातून तिनं जिन्याची साखळी काढली. रोज सकाळी प्रत्येकानं आपल्या पुढच्या दारावर टकटक करायची, आतून आवाज आला की निघून जायचं. गप्पा मारायची सक्ती नाही. आतून काहीही आलं तरी चालेल. शिवी आली तर उत्तम, माणूस ठणठणीत आहे. पाहता पाहता दोन्ही रांगांतले सगळे जिने साखळीत आले. केंद्राच्या बरोब्बर समोरच्या इमारतीतलं, तिसऱ्या मजल्यावरचं एक दार तेवढं राहिलं. तिथं कुणी टकटक केली की आतून शांतपणे उत्तर येई, “मी बरी आहे. उद्यापासून येऊ नका.”

तिथं बाईची थोरली बहीण राहायची.

ताई सरकारी रुग्णालयात नर्स होती. जन्म शस्त्रक्रियेच्या खोलीत काढलेला. तिथं तिचं काम मोजायचं. शस्त्रक्रियेआधी चिमटे, कात्र्या, कापसाचे बोळे मोजायचे, आणि शेवटी टाके घालायच्या आधी पुन्हा मोजायचे. एक वस्तू जरी कमी भरली तरी ताई ‘मोजणी पूर्ण’ म्हणत नसे, आणि ती म्हणाल्याशिवाय टाका पडत नसे. मोठमोठे डॉक्टर हातात दोरा घेऊन, शाळेत अंगठे धरून उभं केल्यासारखे ताटकळत राहत. निवृत्त झाली तरी वस्ती तिला सिस्टरच म्हणायची. जिची ती खरोखरची बहीण होती, तिला मात्र हाक मारायची सोय उरली नव्हती.

त्याचं कारण भांडण नव्हतं. भांडण असतं तर बाईनं मिटवलं असतं. वस्तीतली पुष्कळ मिटवली होती. कारण होतं एक कार्यक्रम, आणि तोही अतिशय यशस्वी झालेला.

त्यांच्या आईनं उभं आयुष्य खानावळ चालवली. शेवटी अंथरुणाला खिळली ती ताईच्या घरी. ताई नर्स, आणि लग्न न केलेली. हे दोन गुण ज्या मुलीत असतात तिला घरात कुणी विचारत नाही, गृहीत धरतात. बाई दर सुट्टीला यायची. आई एकटी पडली आहे, तिला माणसांची गरज आहे, असं तिचं ठाम मत झालं. ताईचं म्हणणं, आईला झोपेची गरज आहे. पण झोप हा काही कार्यक्रम नव्हे. तेव्हा बाईनं खानावळीतली जुनी जेवणारी मंडळी शोधून काढली आणि एका संध्याकाळी सगळ्यांना ताईच्या दोन खोल्यांत आणलं. आपल्या रीतीप्रमाणे खुर्च्या कमी, कप कमी, बशा त्याहून कमी. मंडळी एका खुर्चीवर दोघं दोघं बसली, एका कपात दोघांनी चहा घेतला, जुन्या गोष्टी निघाल्या, आई उशीला टेकून हसली. बाईच्या आयुष्यातला सगळ्यात सुंदर कार्यक्रम. शेवटच्या पाहुण्याशी त्याबद्दल बोलत बोलत ती जिना उतरून गेलीसुद्धा.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आई गेली. घर आवरताना बाईनं त्या संध्याकाळची आठवण काढली, की निदान तेवढं तरी सुख आपण तिला देऊ शकलो. ताई आईची पांघरुणं घड्या करून ठेवत होती. हातातली घडी पूर्ण होईपर्यंत ती थांबली.

“तू कमी ठेवतेस ना, बारके, ते कुणीतरी भरतं,” ती म्हणाली. “त्या दिवशी कोण कोण होतं ते तुला पाठ आहे. मी कुठं होते?”

बाईनं आठवून पाहिलं. कोण कुठं बसलं होतं, कुणी कुणाच्या कपातला चहा घेतला, आईनं कुणाला नावानिशी ओळखलं, सगळं डोळ्यांपुढं आलं. ताई मात्र त्या चित्रात कुठंच दिसेना. कप कमी होते म्हणजे कुणीतरी ते मधेमधे विसळत असणार. खुर्च्या कमी होत्या म्हणजे कुणीतरी शेजारून आणल्या असणार. आणि आईचं औषध कुणीतरी वेळेवर दिलं असणार, की दिलं नसेल? बाईला सांगता येईना. सांगता आलं नाही एवढंच झालं. ताईनं पुढचं पांघरूण घेतलं, आणि त्यानंतर ती बाईशी बोलली नाही. रस्त्यात दिसली तर पाहायची, मान हलवायची. रुग्णाच्या नातेवाइकांना हलवतात तशी.

पुढची कित्येक वर्षं बाईनं जे जे कार्यक्रम आखले, ते वस्तीसाठी होते असं वस्तीला वाटायचं. ताईला कोडी आवडायची, म्हणून कोड्यांची सकाळ. ताईला गर्दी सोसत नाही, म्हणून छोटी टेबलं. ताईचे गुडघे दुखतात, म्हणून दाराची पायरी काढून उतार केला. त्याचा फायदा बाबागाड्यांना झाला आणि त्या खेपेच्या अहवालात साहेबांनी बाईचं कौतुकही केलं. एकदा तर तिनं प्रथमोपचाराचा वर्ग ठेवला आणि त्यात शिकवणाराच कमी ठेवला. टेबलावर पट्ट्या, कापूस, मोडल्या हाडाला बांधायच्या फळ्या, सगळं मांडलं. समोरच्या तिसऱ्या मजल्याची खिडकी उघडी होती. मंडळी बसून राहिली. त्या वेळची शांतता बाईला आवडली नाही. अखेरीस घड्याळवाल्यानं आपण होऊन स्वतःच्या अंगठ्याला पट्टी बांधून दाखवली, ती इतकी घट्ट बसली की कापून काढावी लागली. ही एकच उणीव कुणी भरली नाही.

रोज सकाळी बाई केंद्रावर लवकर यायची आणि कुलपाशी उगाच खटपट करत उभी राहायची. समोरची स्वयंपाकघराची खिडकी उघडली, आणि एक हात येऊन फडका वाळत घालून गेला, की कुलूप उघडायचं. साखळीत प्रत्येकाचा कुणी ना कुणी होता. ताईचं दार वाजवणारं कुणी नव्हतं, तर निदान खिडकी पाहणारं असावं. पण खिडकीला उत्तर देता येत नाही, आणि फडका काही शिवी देत नाही. कधी तो हात यायला उशीर झाला, की बाई तेच कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहायची. वस्तीतल्या कुणाचंही दार ती बेधडक ठोकायची. तो एक जिना चढायची तिची हिंमत नव्हती. वर जाऊन म्हणायचं काय? ‘मी कुठं होते?’ या ताईच्या प्रश्नाचं उत्तर अजून तिच्याकडे नव्हतं.

सूपाची संध्याकाळ ठरली ती नव्या इमारतीतल्या लोकांसाठी. रांगेच्या टोकाला नवी इमारत झाली होती, आणि तिथली माणसं लिफ्टमधून थेट गाडीत आणि गाडीतून थेट लिफ्टमध्ये जायची. त्यांना एकमेकांच्या चपलाही माहीत नव्हत्या. मोठ्या पातेल्यांत सूप, सोबत पाव, आणि नेहमीची मांडणी: मिठाच्या बाटल्या खिडकीकडच्या टेबलांवर, पाव मधल्या टेबलांवर, आणि सगळे चमचे एका डब्यात, अगदी शेवटच्या टेबलावर. साहेबही येणार होते.

त्याच आठवड्यात ताईनं घड्याळवाल्याकडे आईचं भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला दिलं. त्यानं ते चक्क दुरुस्त केलं, घरी पोचतं केलं, आणि किल्ली दिलीच नाही. किल्ली केंद्रात राहिली, सूपाच्या दिवशी येऊन घेऊन जा, असं त्यानं सांगितलं. किल्ली अर्थातच त्याच्या खिशात होती. नंतर बाईनं खडसावलं तेव्हा तो म्हणाला, “इतकी वर्षं तुमच्याकडे येतोय बाई, काहीतरी शिकणारच की.”

संध्याकाळी मंडळी आली. जुनी मुद्दाम नव्यांमध्ये पसरून बसवलेली, पण त्यांनाही बाईनं दम देऊन ठेवला होता, की चमचे कुठं आहेत हे बोलायचं नाही. वाडगे भरले गेले. वाफा निघाल्या. सगळे समोरच्या सूपाकडे पाहत बसले. ही शांतता नेहमीपेक्षा लांबली. नवी माणसं, मागायची सवय मुळीच नाही. बाई भिंतीला टेकून, हात मागे बांधून उभी होती. तिसऱ्या टेबलावरच्या एका जाड्या, लाजऱ्या गृहस्थानं इकडं तिकडं पाहिलं, घसा खाकरला, आणि शेजाऱ्याकडे वळण्यासाठी खुर्ची किंचित मागे सरकवली. आता होणार, असं बाईला वाटलं.

तेवढ्यात दारात ताई उभी दिसली.

ती किल्लीसाठी आली होती. घड्याळवाल्याला शोधायला तिनं मान वळवली आणि तिची नजर टेबलांवर अडली. भरलेले वाडगे, बसलेली माणसं, कुणापुढंही चमचा नाही. पुढल्या रांगेपासून मागल्या रांगेपर्यंत तिनं एकदा सावकाश पाहिलं, नोकरीत ट्रे पाहायची तसं. मग तिनं भिंतीशी उभ्या बाईकडे पाहिलं. बाईचे हात मागे बांधलेले होते. ते सोडवायचं तिला सुचलं नाही.

ताई वळली आणि गेली.

बाईला पुढचं नीट दिसेना. दुसऱ्यांदा, तेवढंच तिच्या मनात आलं. दुसऱ्यांदा तेच, आणि तेही ताईच्या डोळ्यांदेखत. एवढ्या वर्षांनी ती दारापर्यंत आली, आणि तिला दिसलं काय, तर कमी ठेवलेलं. जाडे गृहस्थ अजून अर्धवट वळलेले होते. त्यांच्या ओठांवर प्रश्न आलेला होता. एरवी या क्षणासाठी बाईनं जीव ओवाळून टाकला असता. आज तिला वाटलं, सरळ तिजोरी उघडावी आणि साहेबांची पेटी आणून सगळ्यांसमोर उपडी करावी.

ती तिजोरीकडे निघालीसुद्धा. पण कुलूप काढेपर्यंत दारातून कुणीतरी आत आलं.

ताईच्या हातात जाड कापडाची गुंडाळी होती. गुंडाळीतून डोकावणाऱ्या दांड्या बाईनं लांबूनही ओळखल्या. खानावळीतले चमचे. आईच्या मागे ते कुठं गेले हे बाईला माहीत नव्हतं. ताईनं त्यांच्यासाठी गुंडाळी शिवली होती, एका चमच्याला एक कप्पा, रुग्णालयातल्या हत्यारांना असते तशी. तिनं ती पहिल्या टेबलाच्या कडेवर उलगडली आणि चमचे मांडायला सुरुवात केली. प्रत्येकाच्या उजव्या हाताशी एक. कुणाशी बोलली नाही, कुणाला वगळलं नाही. जाड्या गृहस्थांच्या पुढ्यात चमचा आला तेव्हा त्यांनी उघडलेलं तोंड मिटलं, खुर्ची पुन्हा पुढं ओढली आणि सुटकेचा निःश्वास टाकून सूप प्यायला सुरुवात केली.

सगळ्यांनीच केली. माना खाली गेल्या. हॉलमध्ये चमच्यांचा आवाज तेवढा येत राहिला. कुणी कुणाला काही मागितलं नाही, मीठसुद्धा नाही. पोटात ऊब जायला लागल्यावर अळणी चालून जातं. कोण कुठल्या मजल्यावर राहतं हे कुणाला कळलं नाही. वस्तीच्या आठवणीत बाईचा इतका फसलेला कार्यक्रम दुसरा नव्हता. लोक शिस्तीत आले, शिस्तीत जेवले आणि अनोळखीच घरी गेले. साहेबांनी जाताना बाईचा हात हातात घेतला. व्यवस्था आज प्रथमच उत्तम होती, ते म्हणाले, आणि अहवालातही तसंच लिहिलं.

बाई त्यांच्याकडे पाहत नव्हती. ती ताईकडे पाहत होती. सबंध संध्याकाळ ताई कुठं होती, हे आज तिला कुणीही विचारलं असतं तर सांगता आलं असतं. पहिल्या टेबलापासून सुरुवात. चौथ्याशी क्षणभर गुडघा धरून थांबली. खिडकीकडच्या नकाशेवाल्या काकांच्या पुढ्यातला वाडगा जरा आत सरकवला, कारण त्यांचा हात थरथरतो. मग दाराजवळच्या खांबाला टेकून उभी, शेवटपर्यंत. बसली नाही.

मंडळी गेल्यावर ताई उष्टे चमचे गोळा करायला लागली. बाई पुढं झाली आणि तिनं सगळे आपल्या पदरात घेतले.

“मी धुते,” ती म्हणाली.

ताईनं तिच्याकडे पाहिलं. “कडा नीट घास,” ती म्हणाली. “तिथं अन्न राहतं.”

एवढ्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य म्हणून ते तितकंसं हृद्य नव्हतं, पण बाईला पुरलं. ती मोरीशी उभी राहिली आणि एकेक चमचा कडेनं घासू लागली. घासता घासता तिच्या हाताला तो लागला. आईचा. आई भांड्याच्या बुडाची खरवड त्यानंच काढायची, त्यामुळे त्याची डावी कड पार झिजून गेली होती. बाईनं तो धुतला, पुसला, आणि इतरांबरोबर ताटात ठेवायला हात पुढं केला.

मग तो हात मागे आला आणि चमचा कमरेला बांधलेल्या एप्रनच्या खिशात गेला.

हे तिनं ठरवून केलं नव्हतं. आयुष्यात प्रथमच तिनं न ठरवता काहीतरी कमी ठेवलं.

ताई चमचे कप्प्यांत भरत गेली. शेवटी तिनं गुंडाळीवरून बोट फिरवलं, कडेपासून कडेपर्यंत, आणि बोट एका रिकाम्या कप्प्यावर थांबलं. बाईनं नळ सोडला, कारण काहीतरी आवाज हवा होता. ज्या ताईनं एका चिमट्यासाठी डॉक्टरांना ताटकळत ठेवलं होतं, ती त्या कप्प्याकडे पाहत उभी राहिली. मोरीत पाहिलं नाही, ताटाखाली पाहिलं नाही. मग तिनं गुंडाळी गुंडाळली, नाडी बांधली, घड्याळवाल्यापुढं तळहात पसरून किल्ली घेतली आणि ती समोरच्या जिन्यात शिरली. ‘मोजणी पूर्ण’ असं काही ती म्हणाली नाही.

चमचा बाईच्या घरी आला. नवऱ्यानं तो उचलून पाहिला.

“हा आपला नाही.”

“नाही.”

“मग देऊन टाक.”

“तिनं मागितला की देईन.”

“आणि नाही मागितला तर?”

बाईनं त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती हेच काम करत होती, आणि हा प्रश्न तिच्या शास्त्रात नव्हता. कमी ठेवलं की कुणीतरी मागतंच, असं ती धरून चालली होती. पण जो आयुष्यभर न मागता भरतच आला, त्याच्यापुढं कमी ठेवून काय होणार? ताई आणखी एक चमचा विकत आणेल, कप्प्यात घालेल, नाडी बांधेल. संपलं. नवऱ्यानं चमचा जिथं होता तिथं ठेवला आणि, बहुधा आयुष्यात प्रथमच, विचारलेल्या प्रश्नाबद्दल त्याला वाईट वाटलं.

दिवस गेले. खिडकी रोज उघडायची, हात यायचा, फडका वाळत पडायचा. चमचा बाईच्या पिशवीत असायचा. तो कशालाही वापरायचा नाही हे तिनं ठरवलं होतं, पण दुपारच्या रिकाम्या वेळी ती तो बाहेर काढायची आणि झिजलेल्या कडेवरून अंगठा फिरवायची. त्या कडेत आईच्या हाताचा वाक होता, खरवड काढतानाचा. दोघी लहान असताना खरवडीवरून भांडायच्या, आणि आई ताईला म्हणायची, तू मोठी आहेस, तिला दे. ताई द्यायची. हे आजवर बाईला ताईचं प्रेम वाटत आलं होतं. ते होतंही. पण आपण एकदाही ‘तुला हवी का’ असं विचारलं नव्हतं, हे त्या कडेवरून अंगठा फिरवताना तिच्या ध्यानात आलं. आता वर जाऊन चमचा देऊन टाकावा, असं तिला रोज वाटे. पण तो दिला की मग दोघींच्या मध्ये काहीच उरणार नव्हतं, कमीसुद्धा नाही.

सूपाच्या पुढच्या संध्याकाळची मांडणी चालली होती. बाई मिठाच्या बाटल्या खिडकीकडे नेत होती. उतारावर पावलं वाजली. एक पाऊल जड, एक हलकं.

ताई दाराच्या आत एक पाऊल टाकून थांबली.

“एक चमचा कमी आहे,” ती म्हणाली.

बाईच्या हातात दोन बाटल्या होत्या. त्या तिनं हातातच ठेवल्या. “हो?”

“आईचा. झिजलेला.”

“इथंच असेल कुठंतरी. शोधते.”

बाईची पिशवी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती, आणि पिशवीच्या तोंडातून चमच्याचं टोक दिसत होतं. ताईनं त्या पिशवीकडे पाहिलं. मग हॉलकडे पाहिलं, मिठाकडे, दूरच्या चमच्यांच्या डब्याकडे.

“शोध,” ती म्हणाली. “घाई करू नकोस. नीट शोध. मी येईन विचारायला.”

आणि ती उतारावरून खाली गेली, गुडघा धरत. तिच्यासाठीच केलेला तो उतार आहे हे तिला माहीत होतं की नाही, देव जाणे.

तेव्हापासून ती अधूनमधून येते. दारात उभी राहून विचारते, सापडला का. बाई म्हणते, शोधतेय. कधी ताई त्यावर हवेबद्दल एखादं वाक्य बोलते, कधी गुडघ्याबद्दल. एकदा तर आईबद्दल बोलली, अर्धंच, आणि ‘राहिलेलं पुन्हा कधीतरी’ असं म्हणून गेली. दाराजवळच्या खांबाशी बाईनं एक छोटं टेबल आणि एक खुर्ची मांडून ठेवलेली असते. त्या टेबलावर साखर असते, दूध असतं, मीठ असतं, चमचा असतो. सगळ्या हॉलमध्ये काही कमी नसलेलं ते एकच टेबल. दुसऱ्या कुणी तिथं बसायला गेलं की घड्याळवाला त्याला उठवतो.

ताई अजून बसलेली नाही. चमचाही अजून सापडलेला नाही.